आईच्या नारिंगाचा अर्क

मार्च संपता संपता आमच्या नाबुल शहरातली माणसं फोनवर "कशी आहेस?" विचारत नाहीत, "उमलली का?" विचारतात. त्या सकाळी मावशीचा फोन आला तेव्हा मी अंगणात होते आणि आईच्या कडू नारिंगाच्या झाडाखाली उभं राहिलं की डोकं गरगरेल इतका वास सुटला होता.

"रौधा, मी शेजारच्या दूजाला सांगते. ती फुलं नेईल, तिच्याच डेगेत अर्क काढेल. तुला कुठे जमणार यंदा?"

"नको," मी म्हणाले. "आपणच काढू. आजच."

"आजच?" पलीकडून मन्नूबिया मावशी ओरडली. मीही दचकले. ऑक्टोबरात मेंदूला सूज येऊन मी तीन आठवडे इस्पितळात होते. त्याच दिवसांत आई गेली. दफनाला मी नव्हते. घरी परतल्यापासून डोक्यात ओली लोकर भरल्यासारखं झालंय. पान संपेपर्यंत पानाची सुरुवात निसटते, आणि निसटल्याचं वाईटही वाटत नाही. जेवले काय, न जेवले काय, सगळं सारखंच. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी हवं होतं.

अर्ध्या तासात मावशी धापा टाकत दारात.

"चादरी पसर! उन्हं चढली की वास उडतो. आणि जरा अलगद खूड गं, बटाटे नाहीत ते."

खालच्या फांद्यांवर फूल ठेवलं नाही. चार किलो भरली, एका खेपेपुरती. ही खेप जळली तर आईच्या झाडाचा अर्क यंदा माझ्या हातून व्हायचा नाही. मावशी पुन्हा मला डेगेजवळ फिरकू देणार नव्हती. तांब्याच्या डेगेत फुलं घातली, टोपण बसवलं, सांध्यावर कणीक थापलेली फडक्याची पट्टी गुंडाळली, टोपणातून निघालेल्या नळीखाली बुधली ठेवली. गॅस पेटवला आणि माझे हात थांबले.

"मावशी, डेगेत पाणी घातलं का गं मी?"

"घातलंस की! या डोळ्यांनी बघितलं."

"मला आठवत नाही."

"तुला सकाळी काय खाल्लंस तेही आठवत नाही. माझं ऐक. लिंपलेली डेग उघडायची नसते. तुझ्या आईने चाळीस वर्षांत एकदाही उघडली नाही."

एरवी मी हो म्हटलं असतं. हो म्हणायला कष्ट पडत नाहीत. पण छाती धडधडत होती, परीक्षेच्या घंटेआधी धडधडायची तशी. मी गॅस बंद केला आणि सुरीने कणीक खरवडू लागले.

"अगं ए! वाटोळं करशील! शपथेवर सांगते, निळी बादली होती तुझ्या हातात."

मी टोपण उचललं.

आत थेंबभर पाणी नव्हतं. तळची फुलं कडांनी तपकिरी होऊ लागली होती.

मावशी वाकून बघत राहिली. मग जिन्याच्या पायरीवर बसली. निळी बादली हिवाळ्यातच फुटली होती.

"ती ताई होती, रौधा," ती म्हणाली. "गेल्या वर्षी."

मी करपलेली फुलं एकेक वेचून बाहेर काढली. सहा-सात मुठी निघाल्या. बाकीची पांढरीशुभ्र होती.

"पाणी कसं ओतायची आई?"

"कडेकडेने. फुलांच्या डोक्यावर नाही. आणि आपल्याशीच काहीबाही पुटपुटत."

मी कडेकडेने ओतलं. पुटपुटायला काही सुचेना, तेव्हा किती भांडी झाली ते मोठ्याने मोजलं.

"रडायचं ते नंतर, मावशी. आधी कणीक मळ."

"बघा! हुकूम सोडायला लागली!" डोळे पुसत ती उठली.

पुन्हा लिंपण, पुन्हा गॅस. आम्ही दोघी नळीकडे टक लावून उकिडव्या बसलो. तांबं कुरकुरलं. नळीच्या तोंडाशी काहीतरी चमकलं, लोंबलं, पडलं.

"आला!" मावशी किंचाळली. मी दुसरा थेंब मनगटावर घेतला. अजून कोमट होता.

"वरच्या फांद्या उद्या," मी म्हणाले. "तू सातला ये. नाही, साडेसहाला."

"आधी ही बुधली तर भरू दे, माझे आई!"

मी दुसरी बुधली धुवायला उठले होते.