सुताची बाजू

हातमागावर विणणाऱ्याच्या घरात जन्म घेऊनही करिष्माला मागातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचं सगळं ध्यान जपानकडे. तिथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायला जायचं तिनं ठरवलं होतं, आणि फोनवरची पहिली मुलाखत पारही पाडली होती. दुसरी उद्या, पुण्यात. पहिल्या वेळी घरचा धंदा विचारल्यावर करिष्माबाई तोऱ्यात सांगून बसल्या होत्या, की येताना वडिलांच्या हातचं उपरणं आणीन, त्यावर तुमचं जपानी अक्षर विणलेलं असेल.

अक्षर शोधायला तिच्या फोनवर एक साइट होती. जपानी अक्षर वाचता आलं नाही तरी बेहत्तर. पडद्यावर बोटानं गिरवलं की साइट त्याचा अर्थ सांगायची. नाहीतर अक्षरातला एखादा तुकडा निवडायचा, की तो तुकडा असलेली सगळी अक्षरं समोर हजर. एकदा तिनं ‘सूत’ हा तुकडा निवडला आणि वडिलांना, नागराजआप्पांना, हाक मारली. कागद, रेघ, विणणं, शेवट... जिथं बघावं तिथं सूत.

“आयला! ह्येंच्यात बी सूतच?”

“व्हय आप्पा. आनि बगा, डाव्या अंगालाच.”

आप्पा लई हरखले. तेव्हापासून रोज संध्याकाळी चष्मा लावून तिच्याशेजारी बसायचे आणि प्रत्येक अक्षरातलं सूत हुडकायचे. वडगावात भेटेल त्याला सांगायचे, “पोरगी जपानला निघालीया माझी.” आई, अंजनी, मात्र गप्प असायची. पोरीला वाटायचं, आईचाच विरोध आहे.

उपरण्यासाठी तिनं ‘किझुना’ निवडलं. माणसामाणसातला बंध. डावीकडे सूत, उजवीकडे दुसरा तुकडा. चौकटीच्या कागदावर तिनं ते घर न् घर भरून दिलं आणि आप्पांनी तो कागद मागावर समोर लावला. विणकाम चाललं, तशी करिष्मा रोज वरून डोकवायची, दिसतं तसंच बोटानं फोनवर गिरवायची. साइट म्हणायची, किझुना. स्वारी खूश!

आज दुपारी आप्पांनी उपरणं मागावरून कापलं. तिनं ते उचललं, उलगडलं, सुलटी बाजू वर केली, आणि बघते तर काय! सूत उजवीकडे होतं.

तिनं ते फोनवर गिरवलं. साइटनं भलतीच चार अक्षरं पुढं टाकली. पुन्हा गिरवलं, पुन्हा भलतीच. या जगात असं अक्षरच नव्हतं.

घोळ साधा होता. या मागावर कापडाची सुलटी बाजू खाली असते, म्हणजे धूळ आणि हात लागत नाहीत. विणताना वरून दिसते ती पाठ. अक्षर विणायचं तर कागदावरच ते आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं. पण या घरात जन्मभर कुयऱ्याच विणलेल्या. कुयरीचं शेपूट डावीकडे वळलं काय नि उजवीकडे वळलं काय, साडी नेसणारीला त्याचं काय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

“आप्पा, चुकलं की ओ! उलटं आलंय समदं! उद्या काय दावू मी? म्हनतील, हिला एक अक्षर धड येत न्हाय!” ती रडकुंडीला आली. मग तिला त्यांचीच दया आली. “जाऊ दे. तुमाला तरी काय ठावं.”

आप्पा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून तसेच बसले होते. मान खाली.

“मला ठावं व्हतं,” ते म्हणाले.

“काय?”

“कागद लावला तवाच. सूत डाव्या अंगाला पायजे, तूच शिकवलंतीस न्हवं.”

करिष्माला क्षणभर शब्दच कळेनात. हा माणूस रोज शेजारी बसून शिकत होता, गावभर मिरवत होता, आणि एकेक धागा जाणूनबुजून उलटा भरत होता! तिनं दाराकडं बघितलं. आई तिथं उभी होती, आणि तिचंही तोंड उघडंच राहिलं होतं.

“मला जाऊ द्यायचं न्हवतं तर सरळ बोलायचं व्हतं! नगो जाऊ म्हनायचं!” ती आप्पांवर उखडली.

“म्हनलो असतो तर तू थांबली असतीस गं.”

“मग?”

“मग जलमभर तुज्या डोळ्यांत दिसलं असतं, बापानं थांबवलं म्हनून.” आप्पांनी चष्मा काढला. “त्या जपानवाल्यांनी न्हाय म्हनलं असतं तर तू माज्याकडंच आली असतीस. रडायला.”

तिला त्यांचा इतका राग आला, की उपरणं भिरकावून द्यावंसं वाटलं. पण हात उठेना. कारण ते म्हणत होते ते खरं होतं. ती थांबली असती. अजूनही थांबली असती.

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“मग आता म्हना. माज्याकडं बगून म्हना, जाऊ नगो. उद्याची बस मी सोडते. आईच्यान.”

आप्पांनी मान वर केली. किती दिवस मनात घोळवलेले ते दोन शब्द होते, आणि पोरगी ते हातात आयते देत होती. त्यांचे ओठ हलले. अंजनीनं दाराची चौकट घट्ट धरली.

“जा,” आप्पांच्या तोंडून निघालं.

आणि ते ऐकून सगळ्यात जास्त दचकले ते आप्पाच.