कापडाच्या कात्रीनं छाटलेली घाणेरी

मित्रांनो, मी एक जुनी घाणेरी आहे. नाकं मुरडून झाली असतील, तर पुढचं सांगते. काहीजण मला टणटणी म्हणतात. माझी पानं चुरगळली की उग्र वास येतो, खोडावर बारीक काटे आहेत, आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही.

माझा जन्म एका कुंपणात झाला. तिथं मला कोणी विचारत नव्हतं आणि मी बारा महिने फुलत होते. त्या घरातली मुलगी नर्स होती. लग्न होऊन शहरात जाताना तिनं माझी एक फांदी ओल्या रुमालात गुंडाळली आणि सासरच्या गॅलरीत, तेलाच्या रिकाम्या डब्यात खोचली.

त्या गॅलरीवर सासूबाईंचं राज्य होतं. त्या लोकांचे कपडे शिवून देत. त्यांच्या दोन गोष्टींना कोणी हात लावायचा नाही: गुलाबांच्या कुंड्या आणि कापड बेतायची कात्री. मुलानं लहानपणी त्या कात्रीनं पतंगाचा कागद कापला, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

"गुलाबांशेजारी घाणेरी?" मला पाहून त्या म्हणाल्या. "अगं, आणायचं तर एखादं धड रोप आणायचंस!"

"फुलं आली की बोला, आई," सूनबाई म्हणाली.

झालं! आता मी फुलले नाही, तर तिचं नाक कापलं जाणार होतं. तिनं मग माझी शुश्रूषाच मांडली. गुलाबांचं खत मला, सकाळ-संध्याकाळ पाणी मला. नर्सच ती, डोस चुकवील कशी? मी चांगली गलेलठ्ठ झाले. पानंच पानं, फूल एकही नाही. आमची जात खाऊनपिऊन सुस्तावली की फुलायचं विसरते. बाई गं, लाड पुरे कर, असं ओरडून सांगावंसं वाटे. पण झाडाचं ऐकतं कोण?

तेवढ्यात तिची आई घसरून पडली, पाय मोडला. सूनबाईला तिकडं धावावं लागलं. जाताना सासूबाईंना म्हणाली, "आई, मी येईपर्यंत डबा फेकू नका."

"नाही फेकणार. पण पाणीबिणी घालायला मला सवड नाही. आल्यावरही फूल नसलं, तर तूच नेऊन टाकायचा."

बाई शब्दाला पक्क्या. डबा फेकला नाही आणि पाणीही घातलं नाही. कधी हात धुतलेलं पाणी चुकून पडलं, तर पडलं. माझी पानं झडली, माती भेगाळली. गुलाब माझ्याकडे पाहत होते. पाहू देत! मी तग धरून होते.

एके दिवशी गिऱ्हाईकाचा नवा शिवलेला रेशमी झगा वाऱ्यानं दोरीवरून उडाला आणि माझ्या काट्यांत अडकून टरकन फाटला. सासूबाईंचा पारा असा चढला की हातात होतं तेच घेऊन त्या धावल्या. ती कापडाची कात्री होती. कचाकच छाटत त्यांनी मला बुंध्यावर आणलं. मग कात्रीच्या बोथट झालेल्या धारेकडे बघत त्या मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाईट वाटलं. पण खरं सांगू? माझी मरगळ गेली होती.

काही आठवड्यांत चारी बाजूंनी कोवळे फुटवे आले आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाला गुच्छ. उमलताना पिवळा, मग केशरी, मग गुलाबी. गुलाबांना सोडून फुलपाखरं माझ्याकडे आली. सासूबाई शिवण थांबवून बघत बसत.

सूनबाई परतली ती पिशवीसकट गॅलरीत आली आणि उभीच राहिली. "आई, काय केलंत हिला?"

"काय करायचंय? तुझ्यासारखे लाड केले नाहीत," सासूबाई म्हणाल्या. मागून हळूच पुटपुटल्या, "छान रंग आहेत गं."

तर मित्रांनो, माझी हिरवी फळं तोंडात घालू नका, ती विषारी असतात. मला रानात नेऊन सोडू नका, तिथं मी कोणाला जागा ठेवत नाही. आणि माझी कीवही करू नका. ऊन द्या, पाणी घालताना हात आखडता घ्या, फुलं ओसरली की खुशाल छाटा. मी पुन्हा येईन.

ती कात्री आता माझ्या डब्यावर खिळ्याला टांगलेली असते. परवा सूनबाईनं दुधाची पिशवी कापायला तिला हात घातला, तर आतून सासूबाई कडाडल्या, "ठेव ती! घाणेरीची आहे."