गादीमागचा डबा

वर्षाराणीताईंच्या कीर्तनात गिटार वाजते, याचं मंगरूळपीर तालुक्यात आता कुणाला नवल राहिलेलं नाही. सुरुवातीला होतं. "वीणा हाय, पेटी हाय, मृदंग हाय, मंग हे लग्नातलं लाकूड कायले पाह्यजे?" असं म्हातारे टाळकरी जगदेवकाका तोंडावर म्हणाले होते. पण ताईंचा धाकटा भाऊ प्रज्वल वाजवायचा अगदी दबून. जाड तारेवर षड्ज धरायचा, वरून कधीमधी चार सूर शिंपडायचा. लोकांच्या कानाला सवय झाली. पुढे पुढे तर प्रज्वल यायला उशीर झाला की काकाच विचारू लागले, "थे आपलं लाकूड कोठी अडकलं रे?"

गिटारीसोबत तिचा अ‍ॅम्प यायचा. अ‍ॅम्प म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा; काळ्या रेक्झिनचा, कोपऱ्यांना पत्रा मारलेला, एकट्यानं उचलला की कंबर धरणारा. तो कीर्तनकार उभा राहतो त्या नारदाच्या गादीमागे, ताईंच्या टाचांपासून वीतभर अंतरावर ठेवला जाई. इतका जवळ कशाला, तर वायर तोकडी म्हणून, असं प्रज्वलला वाटे. खरं कारण ताईंना एकटीलाच ठाऊक होतं.

ताईंना ऐकू कमी येत होतं.

आधी टाळांची किणकिण गेली. मग मागच्या रांगेतल्या बाया काय कुजबुजतात ते गेलं. मग पेटी चालू आहे की थांबली, हे वाजवणाऱ्याच्या हाताकडे पाहून ओळखावं लागू लागलं. समोरासमोरचं बोलणं तेवढं ओठ पाहून अजून निभत होतं. लुगडी घ्यायला जाते असं सांगून ताई एकट्याच अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. पडदा शाबूत आहे, आतली नस थकली आहे, कानाला मशीन लावा, असं डॉक्टरनं सांगितलं. ताई लुगडी घेऊन घरी आल्या आणि मशीनचं नाव काढलं नाही. कानाला मशीन लावलेली कीर्तनकारीण कोण बोलावणार? सप्ताहवाले तोंडावर गोड बोलतील आणि पुढच्या वर्षी तारीख दुसऱ्या कुणाला देतील. आणि कीर्तन सुटलं तर ताईंजवळ दुसरं काही नव्हतं. लग्न केलं नव्हतं. सारा संसार त्या गादीवरच मांडला होता.

त्यात हा डबा देवासारखा धावून आला होता. प्रज्वलनं जाड तार छेडली की डबा घुमे, मंचाच्या फळ्या थरथरत, ती थरथर टाचेतून पोटरीत आणि पोटरीतून पाठीत चढे. त्या थरथरीवर ताई सूर ठेवत. कानाचं काम पाठ करत होती, आणि बरं करत होती. नऊ भक्तींत पहिली श्रवणाची. हा विषय ताईंच्या हातचा मळ होता. अलीकडे मात्र त्या तो घेत नव्हत्या.

दिवाळीनंतर प्रज्वलच्या नावानं नागपूरहून एक खोकं आलं. वाशीमला गिटारीचे क्लास घेता घेता, लोकांच्या लग्नांत वाजवता वाजवता, त्यानं या खोक्यासाठी पैसे साठवले होते. आतून निघालं पाटाएवढं एक लोखंडी यंत्र. पायानं दाबायच्या गुंड्या, हातानं फिरवायच्या गुंड्या आणि वर रंगीत पडदा.

"वजनकाटा आणला काय रे?" त्यांच्या मायनं, कस्तुराबाईंनी, विचारलं.

"मॉडेलर हाय माय. जगातले सारे नामी अ‍ॅम्प याच्यात भरले हायेत. याची वायर थेट मिक्सरले, अन् तथून भोंग्याले. डब्याचं कामच नाई आता."

"एवढ्याशात सारे मावले कसे?"

"अ‍ॅम्प नाई मावले व, त्याहिची नक्कल मावली."

"नकलेसाठी इतकी धडपड केली बाप्पा यानं!" म्हणत कस्तुराबाईंनी कुंकवाची करंडी आणली. "काचेवर नोको म्हणशीन तं बाजूले लावतो. पण लावतोच."

ताई हसल्या. हसता हसता म्हणाल्या, "अन् आपला डबा?"

"मालेगावच्या इमरानभाईले देऊन टाकला. त्याच्या बेंजो पार्टीले वरातीत वाजवाले पाह्यजेच होता. काल घेऊन बी गेला."

ताईंनी पुन्हा विचारलं. प्रज्वलनं पुन्हा तेच सांगितलं.

आसेगावच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन ताईंचं होतं. सकाळची वेळ, मंडप गच्च, वर दहीहंडी टांगलेली. ताई गादीवर उभ्या राहिल्या आणि टाच मागे सरकवून पाहिली. मागे मोकळी फळी होती. प्रज्वल बाजूला स्टुलावर, पायांशी नवं यंत्र, स्वतःचा आवाज ऐकायला कानांत इअरफोन, चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचं तेज.

नामघोष झाला. मृदंगाचा ठोका छातीला लागत होता, लय हाती होती. सूर मात्र कुठेच नव्हता. गिटार समोरच्या भोंग्यांतून लोकांवर पडत होती. ताईंच्या वाट्याला त्यातलं काही येत नव्हतं. त्यांनी आठवणीच्या भरवशावर अभंग उचलला. जगदेवकाकांनी चमकून पाहिलं. पेटीवाल्यानं पट्टी बदलून पाहिली, पुन्हा पहिल्या पट्टीवर आला. पुढे बसलेली एक पोरगी फिसकन हसली आणि तिच्या आईनं तिला चिमटा काढला. तो चिमटा ताईंनी पाहिला.

मग त्या गायल्याच नाहीत. हातानं टाळ थांबवले आणि गोपाळांच्या शिदोऱ्यांची कथा धरली. कुणाची ज्वारीची भाकर, कुणाचा ठेचा, एकाच्या फडक्यात तर नुसतीच गाठ. आणि देवानं ते सगळं एकत्र कालवलं. बोलणं त्यांना जन्माचं येत होतं. लोक हसले, लोकांनी डोळे पुसले, हंडी फुटली, काला वाटला गेला. पण पाया पडायला आलेल्या एका म्हातारीनं हात धरून विचारलंच, "माय, आज गाणं काहून नाई केलं? गळा बसला काय?"

"बसला थोडा," ताई म्हणाल्या. खोटं, तेही काल्याच्या दिवशी, देवाच्या दारात.

प्रज्वलनं सारा दोष यंत्राला दिला. संध्याकाळभर तो गुंड्या फिरवत बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "मशीनमधीच खोट हाय, ताई. तू कधी बेसूर होत नाई. याचा आवाज केसभर उशिरा निघत असन. मले नाई समजत, पण तुह्या कानाले बरोबर समजलं."

ताईंनी बशी तोंडाला लावली.

"वापस पाठवतो हे. अन् इमरानभाईकडून डबा घेऊन येतो."

एक शब्द न बोलता सगळं परत मिळत होतं. डबा टाचेमागे येणार, सूर पाठीत येणार, कुणाला काही कळणार नाही. फक्त गप्प राहायचं होतं. ताईंनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाल्या, "मीबी येतो. गाडीवर डबा धराले मागं कोणी तं पाह्यजे."

मालेगावच्या रस्त्यानं प्रज्वल मान वळवून वळवून काहीबाही बोलत होता आणि ताई वाऱ्यात "हो, हो" म्हणत होत्या. त्यातल्या एका "हो"ला त्यानं गाडीच थांबवली.

"काय हो? म्या विचारलं, पेट्रोल आता भरू का येतानी भरू?"

"तुह्या मनानं भर ना. मले काय विचारतं?"

इमरानचं दुकान बसस्टँडच्या मागे. स्पीकर दुरुस्त करायचे, पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचं, आणि लग्नसराईत स्वतःची बेंजो पार्टी घेऊन गावोगाव फिरायचं, असा त्याचा धंदा. डबा दारातच होता. अंगावर चमकीची झालर चिकटवलेली.

"या ताई, बसा. काय प्रज्वलभाऊ, तुमी तं बोलले होते जुनं काही नोको. इतक्या लवकर दिल बदलला?"

"मशीन खराब निघाली." डबा तपासायला आणलेली गिटार प्रज्वलनं खांद्यावरून उतरवली आणि पिशवीतून यंत्र काढलं.

इमरानला नव्या वस्तूचा मोह आवरला नाही. त्यानं ते दुकानातल्या मोठ्या स्पीकरला जोडायला लावलं, गिटार वाजवून घेतली, डोळे मिटून ऐकलं. "यात काय खराब हाय भाऊ? इतका साफ आवाज तं या दुकानात कधी निघाला नाई."

"ताईले खोट सापडली. ताईच्या कानापुढं तुमी आमी काय?"

"बरोबर हाय," इमरान अदबीनं ताईंकडे वळला. "सांगा ताई, कोठी गडबड वाटते? मी आत्ताच्या आत्ता पाहतो."

प्रज्वलनं पुन्हा तार छेडली. "हे पाय. आता आयक, अन् सांग कोठी उशीर होते थे."

दोघंही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. सकाळी नुसतं गप्प राहून भागलं होतं. आता तोंडानं बोलावं लागणार होतं, आणि तेही सरळ वाजणाऱ्या एका यंत्राच्या विरुद्ध. दुकानाच्या फरशीवर स्पीकरची थरथर पसरली नव्हती. ताईंना नुसती भावाची बोटं हलताना दिसत होती.

"मशीन चांगली हाय तुही, प्रज्या," त्या म्हणाल्या. "माहा कान गेला."

"गेला म्हंजे?"

"ऐकू येत नाई मले. सूर या डब्यातून पायाले समजे. त्याच्याच भरोशावर गात होतो."

इमरान उठला. "चाय सांगून येतो," म्हणाला आणि चहावाल्याला हाक मारायची सोडून स्वतःच चालत गेला.

"कवापासून?" प्रज्वलनं विचारलं.

"दोन सालं झाले असतीन."

डॉक्टरला दाखवलं का, इतके दिवस सांगितलं का नाही, असलं काहीतरी तो विचारील, असं धरून ताईंनी उत्तरं मनात जुळवून ठेवली होती. त्यानं गिटार मांडीवर आडवी केली.

"म्हंजे माहं वाजवणं तू आयकलंच नाई."

"आयकलं नाई, पण..."

"मागच्या एकादशीले तू वळून पाह्यलं, अन् मान डोलावली. म्या घरी जाऊन मायले सांगतलं, आज ताईले आवडलं म्हणून."

ताईंना ती मान आठवेना. मानेवर डास बसला असेल. "आवडलंच असन," असं त्या म्हणून गेल्या. रस्त्यानं एसटी गेली, ती मात्र ताईंना पायांत कळली.

मग प्रज्वलनं खिशातून इअरफोन काढले, यंत्राला जोडले, आणि न विचारता एक बोंड ताईंच्या कानात घातलं. गुंडी फिरवली. जाड तार छेडली.

ताई दचकून मागे सरल्या.

"आली काय ऐकू?" तो जोरानं ओरडला.

"कायले बोंबलतं? आली ना!"

"मिक्सरमधून एक वायर याच्यात घेतो. पेटी, टाळ, काकाचा गळा, सारं कानात देतो तुह्या."

"अन् कानात हे बोंडूक घालून गादीवर उभी राहू? लोकं काय म्हणतीन?"

"नोको घालू. डबा घे." त्यानं डब्यावरची चमकी ओरबाडली. "आसेगावले गळा बसला म्हणे तुहा. पुढच्या गावाले काय बसवतं?"

इमरान चहा घेऊन आला तेव्हा दोघंही रस्त्याकडे तोंड करून बसले होते. डबा त्यानं उचलून द्यायची तयारी दाखवली. "राहू द्या," ताई म्हणाल्या. "तुमच्या वराती हायेत."

शेलूबाजारच्या कीर्तनाला ताई उभ्या राहिल्या, तेव्हा कानातून निघालेली काळी वायर पदराखाली पुरती लपली नव्हती. पहिल्या रांगेत हिरीबाई बसली होती. ही बाई प्रत्येक कीर्तनाला येई आणि प्रत्येक कीर्तनात मध्येच बोले. तिला गावानं कधी मनाई केली नव्हती.

"ताई," हिरीबाई ओरडली, "मोबाइलवर गाणे आयकून राह्यल्या काय व?"

मंडप हसला. ताईंचा हात पदराकडे गेला, आणि तिथंच थांबला.

"नाई हिरीबाई. मले कमी ऐकू येते. कानात सूर यावा म्हणून हे घातलं."

हसू विझलं. खांबाजवळ उभे असलेले सप्ताहवाले एकमेकांकडे पाहू लागले. पुढच्या वर्षीची तारीख देतील की नाही, ते त्या पाहण्यावरून काही समजेना. जगदेवकाकांच्या हातातले टाळ नुसतेच लोंबत राहिले.

"मंग मलेबी एक आणून द्या!" हिरीबाई म्हणाली. "म्या तं कवाची नुस्ते तुमचे हातच पाह्यतो!"

या वेळचं हसू मोठं होतं. त्यात सप्ताहवाल्यांतलाही एक जण हसला. ताईंनी हात जोडले आणि मृदंगाकडे पाहिलं.

नामघोष सुरू झाला तसे टाळ कानात सुईसारखे शिरले. इतके बारीक, इतके तीक्ष्ण, की ताईंनी क्षणभर डोळे मिटले. काकांचा गळा आता पार खरबरीत झाला होता. हे कधी झालं, त्यांना माहीत नव्हतं. आणि खाली, सगळ्यांच्या खाली, प्रज्वलची तार होती. ताईंनी तिच्यावर सूर ठेवला. सूर बसला. त्यांनी अभंगाची पहिली ओळ सोडली, टाळकऱ्यांनी ती उचलली, आणि ते घोळवू लागले तेवढ्या वेळात ताई भावाचं वाजवणं ऐकत राहिल्या.

प्रज्वलनं आज काही शिल्लक ठेवलं नव्हतं. जगभरातले अ‍ॅम्प जणू एकदमच उघडले होते. एकेका सुरामागे चार चार पडसाद, वर काहीतरी चमचमणारं, आणि ते सगळं अभंगाच्या अंगावर पुरासारखं चढत होतं. तो ताईंच्या तोंडाकडेच पाहत होता.

ताईंनी माइकवर तळवा ठेवला आणि मागे वळल्या.

"प्रज्या."

"काय?"

"हात चांगला हाय तुहा. पण हे घुमणं कमी कर. विहिरीत उतरून गायल्यावानी वाटते."

प्रज्वलचं तोंड पडलं. मग त्यानं वाकून एक गुंडी फिरवली आणि वर पाहिलं.

"अजून," ताई म्हणाल्या, आणि पुढची ओळ उचलली.