बदरूचाचीची चौदा अंडी

एकविसाव्या दिवशी सकाळी संचितानं अंडी उबवायच्या मशीनच्या काचेला कान लावला. आत पंख्याची घरघर होती, बाकी काही नाही. पडवीतल्या बाकावर बदरूचाची उजाडल्यापासून येऊन बसली होती. तिनं चहासुद्धा घेतला नव्हता.

"काय गो, हालचाल आसा?"

"अजून नाय चाची. संध्याकाळपर्यंत बघूया."

मशीन संचितानं मोठ्या हौसेनं आणलं होतं. चाळीस अंड्यांचं, आपोआप अंडी फिरवणारं. पण ते सुरू व्हायच्या आधीच दगडी गडग्यापलीकडे, चाचीच्या घरी घात झाला. एका सकाळी भटक्या कुत्र्यांनी तिच्या खुराड्याची फळी फोडली. नऊ कोंबड्या आणि कोंबडा, सगळे मारून अंगणभर टाकले. साध्या कोंबड्या नव्हत्या त्या. उघड्या मानेच्या, चाचीच्या सासूपासून चालत आलेल्या. पार कसाल गावापर्यंत कुणाकडे तसलं बेणं उरलं नव्हतं. शिल्लक राहिली ती स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात ठेवलेली चौदा अंडी. वाडीत तेव्हा एकही कोंबडी खुडूक, अंड्यांवर बसायला आलेली नव्हती. संचिताच म्हणाली होती, "माझ्याकडे द्या चाची. मी पिल्लां काढून देतंय."

आता तो शब्द तिच्या गळ्याशी आला होता.

संध्याकाळ झाली, अंडी गप्पच. बाविसाव्या दिवशीही तेच. बाहेर मळभ दाटलेलं, अंगाची लाही होत होती. चाची पुन्हा बाकावर येऊन बसली. संचिताची सासू नर्मदा दारात उकडे तांदूळ निवडत होती.

"कोंबी असती तर काल पिल्लां अंगणात फिरली असती," ती म्हणाली.

"आये, गप रव जरा."

 संचिता मशीनमधलं पाण्याचं भांडं भरायला आत गेली, तशी नर्मदा उठली. मशीनचं झाकण उघडून तिनं एक अंडं काढलं आणि डोळा मिटून पापणीला टेकवलं.

"आये, काय करतंस ता? वाफ जाता सगळी," संचिता धावत आली.

"ह्या थंड आसा."

"थंड खंयचा? ह्या बघ, साडेसदतीस दाखवता."

"ता काय दाखवता, माका म्हायत नाय. चाळीस वर्सां कोंबये बसवलंय मी. पोटाखालसून काढलेला अंडा पापणीक कसा ऊन लागता. ह्या तसा नाय."

"मगे पयल्या दिसाक कित्याक नाय सांगलंस?"

"हात लावू नको म्हणान तूच सांगलं हुतंस."

 हे खरंच होतं. पहिल्याच दिवशी तिनं सासूला मशीनपासून लांब राहायला बजावलं होतं, आणि ते जरा तोडूनच.

तिनं कपाटातून तापाचा पाऱ्याचा थर्मामीटर काढला, झटकून अंड्यांमध्ये ठेवला आणि झाकण लावलं. पाच मिनिटांनी काढून पाहिला. पारा सत्त्याण्णवच्या थोडा वर थांबला होता. संचितानं मोबाईलवर सेल्सियसचा हिशेब करून पाहिला. साडेछत्तीस. मशीन एक डिग्री जास्त सांगत होतं. एकवीस दिवस अंड्यांना ऊब कमीच मिळाली होती.

पण थर्मामीटरही जुना होता. तोच चुकत असला तर? ती चाचीकडे वळली.

"चाची, अंडी तुमची आसत. ऊब वाढवू?"

"चुकला तर?"

"आतल्या आत उकडान जातली."

"आनी नाय वाढवलंस तर?"

"अशीच रवतली."

बदरूचाचीनं नर्मदेकडे पाहिलं. "वैनी, तुका खात्री आसा?"

"माका माझ्या पापणीचा म्हायत. मशीनचा नाय."

"मगे वाढव गो," चाची म्हणाली आणि तोंड फिरवून अंगणाकडे बघत राहिली.

संचितानं बटण दाबून आकडा एकानं वर नेला. त्यानंतर दर अर्ध्या तासाला ती पारा बघायची आणि एक अंडं सासूच्या हातात द्यायची. तीनदा नर्मदेनं मान हलवून अंडं परत दिलं. दुपारी जेवणाच्या वेळेला ती म्हणाली, "आता झाला." त्या दिवशी पहिल्यांदा चाचीनं पेज घेतली.

तेविसाव्या दिवशी दुपारी आतून बारीक चिवचिव आली. एका अंड्याला तडा गेला होता, भोकातून चोच दिसत होती. चोच हलायची, थांबायची. तासाभरानंही तडा तेवढाच. नर्मदेला राहवेना. ती कवच सोलायला गेली, तर संचितानं तिचा हात धरला.

"नको आये. रगात आजून आत ओढूचा आसा तेका. आता सोललंस तर मरतला."

नर्मदेनं हात मागे घेतला.

चोविसाव्या दिवशी दुपारपर्यंत पाच पिल्लं बाहेर आली. उरलेल्या नऊ अंड्यांतून काही आवाज नव्हता. आणखी एक दिवस वाट पाहून संचितानं ती परसात काजूखाली नेली आणि एकेक फोडून बघितली. दोन कोरी होती, त्यांत पिल्लू धरलंच नव्हतं. सातांत पिल्लं पुरती तयार झालेली, पिसांसकट, चोच वर करून.  मग ती वर माती लोटून पडवीत चाचीकडे आली.

"चाची, सात पुरी झाली हुती. थोडक्यासाठी गेली. आयेक पयल्याच दिसाक विचारला असता तर..."

चाची पिल्लांच्या खोक्यातल्या बल्बखाली बघत होती. पाचांतल्या तिघांच्या माना उघड्या होत्या, सोलल्यासारख्या लालसर.

"ह्या तिघांत एक कोंबो आनी एक कोंबी गावली तरी माका पुरे," ती म्हणाली. "म्हयनोभर तुझ्याकडेच रवांदेत. वैनी, तूय बघ गो तेंका."

"बघतंय," नर्मदा म्हणाली.

चाची गेली. थोड्या वेळानं गडग्यापलीकडून ठोकण्याचा आवाज यायला लागला.

"भर उन्नात काय ठोकता गो ती?" नर्मदेनं विचारलं.

संचितानं गडग्यावर चढून पाहिलं. तोंडात खिळे धरून बदरूचाची खुराड्याला नवी फळी मारत होती. फळी लांब होती आणि दुसरं टोक सारखं निसटत होतं.

संचिता गडगा उतरून पलीकडे गेली आणि तिनं ते टोक धरलं.