ज्वारीत शिरलेली होडी

सूर्यभान बावीस हंगाम कारखान्याला ऊस ओढत आला होता. एकामागं एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर लोंबणारा ऊस, पावसात खचलेल्या साइडपट्ट्या, हे सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं. एवढ्या वर्षांत त्याची ट्रॉली कधी पलटी झाली नव्हती की सुटली नव्हती. त्यामुळं गंगाखेडहून होडी आणायची ठरली तेव्हा गावात दुसऱ्या कुणाचं नाव निघालंच नाही.

होडी लागायचं कारण सरळ होतं. सोनपेठच्या पुढं, अगदी गोदावरीच्या काठावर त्यांचं गाव. गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. खाली बंधारा झाल्यापासून गंगेला बारा महिने पाणी राहायचं. पूर्वी दिवाळीनंतर वाळूतून चालत पलीकडं जाता यायचं, ते बंद झालं. अकरा घरांची रानं पलीकडच्या थडीला आणि माणसं अलीकडं. पुलावरून जायचं तर सोळा किलोमीटरचा फेरा. सूर्यभानचं तीन एकर रानही तिकडंच होतं आणि ते बघायची त्याची बायको, कमलबाई. पहाटे निघून दुसऱ्याच्या टेम्पोत उभ्यानं जायचं आणि अंधार पडताना परत यायचं, असं तिनं चार वर्षं काढली. मग एका पंधरवड्यात अकराही घरं फिरून तिनं सगळ्यांना होडीसाठी तयार केलं.

होडी केली गंगाखेडच्या सिद्धोधन नावाच्या वेल्डरनं. त्याचं मुख्य काम पाण्याच्या टाक्या आणि ट्रॉल्यांचं. होड्या त्यानं याआधी दोनच केल्या होत्या, पण दोन्ही अजून तरंगत होत्या.

जानेवारीतल्या एका मंगळवारी उसाला सुट्टी देऊन सूर्यभान ट्रॅक्टर घेऊन गेला. कमलबाई सोबत होतीच. मागं जुन्या पाण्याच्या टँकरचा दोनचाकी सांगाडा जोडला होता, टाकी काढून टाकलेला. दुकानासमोर अठरा फुटांची निळी होडी उलटी ठेवलेली होती. सात-आठ जणांनी ती सरळ करून सांगाड्यावर चढवली आणि सिद्धोधननं दोरानं दोन जागी आवळली.

रिकामं कशाला जायचं म्हणून सूर्यभाननं सरकी पेंडीची सहा पोतीही घेतली. होडीच्या मागच्या टोकाला उभं राहून पोतं आत टाकायला सोपं जायचं. सहाही पोती तिथंच मागं पडली.

सिद्धोधननं सगळ्याभोवती एक चक्कर मारली आणि सांगाड्याची दांडी ट्रॅक्टरला पिनीनं अडकवली होती तिथं थांबला.

"भाऊ, पिनीला खालून क्लिप न्हाई," तो म्हणाला. "माझ्याकडं हाय, थांबा. अन् एक साखळीबी लावू. पिन निघाली तरी साखळी धरून ठेवती."

"सिद्धोधनभाऊ, मी वीस-वीस टन ऊस ओढतो," सूर्यभान हसून म्हणाला. "पाच-सहा क्विंटलच्या नावंला साखळी? लोकं हसतील मला."

"जड गाडी पिनीला दाबून धरती. हलकी उड्या मारती, भाऊ."

"बघतो मी."

सिद्धोधननं पुढं वाद घातला नाही. कमलबाई मात्र सांगाड्याच्या चाकावर पाय देऊन होडीत चढायला लागली होती. एवढी आपल्या खटपटीनं झालेली होडी, तिच्यात बसूनच गावात शिरायचं असं तिच्या मनात होतं. सिद्धोधन तिच्याकडं वळला आणि या वेळी त्याचा आवाज वेगळा होता.

"ताई, उतरा. गाडीवरच्या नावंत माणूस बसत नसतो. ह्यात मी कुणाचंच ऐकत न्हाई. तुमी बसलात तर मी दोर सोडून नाव खाली घेतो."

कमलबाई उतरली. गाल फुगवून ती ट्रॅक्टरवर नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

रस्ता चांगला होता. समोरून उसाच्या ट्रॉल्या यायच्या, ओळखीचे ड्रायव्हर होडी बघून हात करायचे आणि सूर्यभान मान हलवून त्याचा स्वीकार करायचा. मागं वजन आहे असं त्याला जाणवतच नव्हतं. उसाच्या सवयीनं ट्रॅक्टर जेवढा पळवायचा त्याहून त्यानं जरा जास्तच सोडला.

"अवं, मागं डुलायलीय ती," कमलबाईनं वळून बघत सांगितलं.

"होडी हाय, डुलणारच की."

"लय डुलायलीय."

सूर्यभाननं मागं बघितलं. होडीचं पुढचं टोक डावी-उजवीकडं मान हलवल्यासारखं हलत होतं. पुढचा उतार संपला, की नाल्याच्या पुलाजवळ थांबून बघू, असं त्यानं ठरवलं.

उतार निम्मा झाला असेल. खाली एका रानातून म्हशी रस्त्यावर आल्या आणि सूर्यभाननं ब्रेक दाबला. मागून एक दणका बसला, मग लोखंड डांबरावर आपटल्याचा खणखणाट झाला आणि ट्रॅक्टर एकदम हलका झाला. काय झालं हे कळायच्या आत त्याच्या उजव्या हाताला काहीतरी निळं दिसलं. होडी त्याच्या पुढं चालली होती. सांगाड्याची दांडी वर आभाळाकडं झाली होती, मागचं टोक रस्त्याला घासत ठिणग्या उडवत होतं आणि तशीच ती शांतपणे ट्रॅक्टरला मागं टाकून गेली. म्हशी बिथरून बाजूला झाल्या. होडीनं रस्ता ओलांडला, उजवीकडची साइडपट्टी उतरली आणि पुरुषभर उंचीच्या ज्वारीत शिरली. धाटं कडाकडा मोडल्याचा आवाज थोडा वेळ आला, मग तोही थांबला.

सूर्यभाननं ट्रॅक्टर कडेला घेतला, बंद केला आणि बसून राहिला. तेवढ्यात सोनपेठकडून एसटी आली. खिडकीखिडकीत माणसं होती. होडीनं जिथं रस्ता ओलांडला होता, बरोबर तिथून ती हॉर्न वाजवत गेली.

"मी त्यात बसणार व्हते," कमलबाई म्हणाली.

सूर्यभानच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं. तिनं बाटलीतलं पाणी त्याच्या पुढं केलं.

दोघं ज्वारीत उतरले. साठेक पावलांवर होडी उभी होती. दांडी खाली पडून काळ्या मातीत रुतली होती, म्हणून ती थांबली होती. एक दोर तुटला होता, दुसऱ्यानं होडीला धरून ठेवलं होतं. रंग खरवडला होता आणि एक वल्हं वाकलं होतं. बाकी सगळं जागच्या जागी.

"कुणाला लागलं का रं?"

आवाज वरून आला. थोड्या अंतरावर पाखरं राखायचा माळा होता आणि माळ्यावर हातात गोफण घेतलेली सत्तरीची एक बाई. ती सावकाश शिडी उतरली आणि धाटं बाजूला सारत आली. तिचं नाव पार्वतीबाई, रान तिचंच होतं.

"न्हाई मावशी, कुणाला न्हाई," सूर्यभान म्हणाला. "तुमच्या ज्वारीचं मात्र लय नुकसान केलं मी."

"मी आपली पाखरं राखायला बसले अन् नाव आली," पार्वतीबाई म्हणाली. तिनं होडीभोवती फिरून सगळं पाहिलं. मागच्या पोत्यांवर हात ठेवला. "गाडी उलाळ भरलीस, बाबा."

उलाळ हा शब्द सूर्यभाननं कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. मागं ओझं जास्त झालं की बैलगाडीचं जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात. तशी गाडी भरली की त्याचे वडील सगळं उतरवून पुन्हा भरायला लावायचे. दहा वर्षांचा असल्यापासून त्याला हे माहीत होतं. पेंडीच्या सहा पोत्यांनी सांगाड्याची दांडी प्रत्येक धक्क्याला वर उचलली होती आणि क्लिप नसलेली पिन हळूहळू वर सरकत निघून गेली होती.

"खरंय, मावशी," तो म्हणाला.

त्यानं सिद्धोधनला फोन लावला. काय झालं ते लपवाछपवी न करता सांगितलं. सिद्धोधननं एकच विचारलं, "ताई कुठं हायत?" आणि निघतो म्हणाला.

तो येईपर्यंत पार्वतीबाई रिकामी बसली नाही. "मोडल्या कणसांचं मी काय करू? हुरडाच खायचा," म्हणत तिनं कमलबाईला कणसं गोळा करायला लावली. सुनेला हाक मारून दही आणि लसणाची चटणी मागवली. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, तळहातावर चोळली आणि गरम हिरवा हुरडा एका धोतराच्या फडक्यावर पडायला लागला. वाटेवरची चार माणसं होडी बघायला वळली होती, तीही बसली. सूर्यभानला आधी घास गिळवेना. मग कमलबाईनं चटणी लावलेली एक मूठ त्याच्या हातावर ठेवली आणि त्याला कळलं, की आपल्याला सडकून भूक लागली आहे.

सिद्धोधन मोटारसायकलवर आला. क्लिप, दोन साखळ्या आणि नवा दोर घेऊन. तो "मी सांगितलं होतं" म्हणेल म्हणून सूर्यभान वाट बघत होता, पण तो फक्त होडीखाली वाकून सांगाडा तपासत राहिला. जमलेल्या माणसांनी ढकलून आणि ट्रॅक्टरनं ओढून होडी रस्त्यावर काढली.

पोती सूर्यभाननं स्वतः हलवली. दोन पोती चाकांच्या वर, चार पुढं. सिद्धोधननं त्याला दांडी उचलून बघायला सांगितली.

"एकट्याला उचलती का?"

"जोर लावावा लागायलाय."

"मग बरोबर हाय. एका हातानं उचलली तर समजायचं चुकलं."

मग पिन, तिच्या खाली क्लिप, दांडीखालून फुलीसारख्या नेलेल्या दोन साखळ्या. चाकांचे बोल्ट हातानं ओढून बघितले. होडी सांगाड्याच्या मागं चार फूट बाहेर येत होती. पार्वतीबाईनं जुन्या लाल लुगड्याचा तुकडा फाडून दिला, तो टोकाला बांधला. निघताना सूर्यभान तिच्या पाया पडला.

उरलेला रस्ता त्यानं सायकलवाल्याच्या वेगानं काटला. दर तीन-चार किलोमीटरला उतरून दोर ओढून बघायचा, पिनीला हात लावायचा. मागं आता काहीच डुलत नव्हतं. उसाचे ड्रायव्हर हॉर्न देऊन पुढं जायचे, तो जाऊ दे म्हणायचा. कमलबाई गुणगुणत होती.

गावात शिरल्यावर माणसं भोवती जमली. खरवडलेला रंग पहिल्यांदा दिसला तो उद्धवला. उद्धवचंही रान पलीकडं होतं आणि गावात वल्हं मारायला येणारा तो एकटाच. "ह्ये काय झालं?" त्यानं विचारलं.

कमलबाईनं नवऱ्याकडं बघितलं. दोष म्हशींवर, रस्त्यावर ढकलायला भरपूर जागा होती.

"मी पिनीला क्लिप लावली न्हाई," सूर्यभान म्हणाला. "गाडीबी उलाळ भरली. माणसं वाचली, नशीब समजा."

कुणी हसलं नाही. उद्धवनं फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात सोडायची होती. घाटाचा उतार मोठा, आणि दोनचाकी गाडी मागं रिव्हर्स घेणं म्हणजे अवघड काम. स्टिअरिंग एकीकडं फिरवलं की गाडी दुसरीकडं वळते. सूर्यभाननं घाई केली नाही. कमलबाई मागं, पण बाजूला, त्याला दिसेल अशी उभी राहून हातानं दाखवत होती. दोनदा चुकलं, दोनदा पुढं घेऊन पुन्हा सरळ केलं. चाकं पाण्याला लागली तेव्हा उद्धवनं ट्रॅक्टरच्या चाकांना मोठे धोंडे लावले आणि मगच दोर सोडला. होडी सांगाड्यावरून सरकली, जरा बुडल्यासारखी झाली आणि सरळ होऊन पाण्यावर बसली.

पहिल्या फेरीला कमलबाईबरोबर सूर्यभानही होडीत बसला. त्याला पोहता येत नव्हतं. ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब काखेत अडकवून तो होडीचे दोन्ही काठ धरून बसला आणि पाण्याकडं बघायचं टाळत समोरच्या थडीवर नजर लावून राहिला. उद्धव वल्हं मारत होता. बगळे उडाले. पाणी गार होतं, पलीकडून हरभऱ्याचा आंबट वास येत होता.

पोचायला सात मिनिटं लागली. कमलबाई उतरली, पदर खोचला आणि स्वतःच्या बांधावर उभी राहून सूर्याकडं बघितलं. ऊन अजून कोवळं होतं. रोज ह्या वेळेला ती टेम्पोत असायची.

"काय करायलीस?" सूर्यभाननं विचारलं.

"हिशेब लावायले," ती म्हणाली. "बारापर्यंत खुरपणं उरकतं. मग घरी जाऊन झोपणार हाय मी. भर दुपारी."

ती वाफ्यात उतरली. सूर्यभाननंही चपला बांधावर काढल्या, दुसरं खुरपं उचललं आणि तिच्या शेजारची ओळ धरली.