आत्याबाई बदलल्या

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून सावित्रीबाई लातूरकडच्या थोरल्या मुलाच्या घरून थेरगावला धाकट्याकडे आल्या, आणि मग राहिल्याच. धाकटा गणराज, त्याची बायको जयमाला, त्यांचा मुलगा समाधान आणि नवी सून करिष्मा. त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये खिडकीखाली सावित्रीबाईंची कॉट पडली.

जयमालानं मन घट्ट करून ठेवलं होतं. लग्नानंतरची पहिली वर्षं ती या सासूच्या हाताखाली काळेवाडीच्या चाळीत राहिली होती. नळ खाली, खोली वरच्या मजल्यावर. दिवस गेलेले असतानाही पाण्याच्या कळशा तीच वर चढवायची. एका सकाळी जिन्यातच कळ आली आणि सहाव्या महिन्यात ते मूल गेलं. दवाखान्यात सावित्रीबाई म्हणाल्या होत्या, "एवढी नाजूक व्हती तर लगीन कशाला केलंस?"

तरी जयमालानं मनात विष ठेवलं नव्हतं. शेजारणी तिच्या वतीनं चिडल्या की तीच त्यांना समजवायची, "जाऊ द्या हो. स्वभावाला औषध नसतं. आत्याबाईंचा पिंडच तसा. बाभळीला काटे येतात, त्यावर रागवून काय करायचं?" या एका समजुतीवर तिनं संसार केला होता.

आता आलेल्या सावित्रीबाई मात्र वेगळ्याच होत्या. सकाळी उठून लसूण सोलून ठेवायच्या. जेवताना "तू बस की गं आधी," म्हणायच्या. खालच्या मजल्यावरच्या बायका त्यांच्याशी गप्पा मारायला येऊ लागल्या. जयमालाला वाटलं, नाटक आहे, चार दिवस चालेल. ती वाट बघत राहिली. एखादा टोमणा, एखादी जुनी नजर. काहीच आलं नाही.

मग करिष्माला दिवस गेले.

एका रविवारी करिष्मा ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर निघाली, तशा सावित्रीबाई कॉटवरून उठल्या. "ठेव ती खाली! पोटुशी बाईनं वजन उचलायचं नसतं, माय. समाधान नेईल."

जयमाला स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिचे हात पिठातच थांबले. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा ती भानावर आली.

दुपारी सगळे झोपल्यावर ती सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, वजन उचलू नये, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"तुझा राग यायचा मला. कशाचा, ते अजून कळलं न्हाई."

"आणि आता?"

"आता न्हाई येत. कसा गेला, तेबी सांगता येत न्हाई."

जयमाला आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. सासू खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. माणूस बदलूच शकत नसेल, तर दोष कुणाचाच नव्हता. पण ही बाई बदलली होती. म्हणजे तेव्हाही बदलू शकली असती. निदान त्या एका सकाळी कळशी हातातून घेऊ शकली असती.

चाकणची शिफ्ट संपवून आलेल्या गणराजला तिनं हे सांगायचा प्रयत्न केला. तो बूट काढत म्हणाला, "अगं, आई बदलली, चांगलंच झालं ना? आता तूही सोडून दे." करिष्माही एकदा भीत भीत म्हणाली, "आई, आजी एवढ्या गोड आहेत, तुम्ही का तुटक बोलता त्यांच्याशी?" घरात कडक स्वभावाची आता एकच बाई होती, आणि ती जयमाला.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हॉल बायकांनी भरला होता. करिष्माची ओटी भरायला सावित्रीबाईंना पुढे बोलावलं. त्या नारळ हातात धरून उभ्याच राहिल्या, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझ्या जयमालेचं पहिलं लेकरू माझ्यापायी गेलं. मी तिला पाणी भराया लावलं व्हतं."

दोघी-तिघी धावल्या त्या सावित्रीबाईंकडे. कुणी त्यांना खुर्चीत बसवलं, कुणी पाणी दिलं. "राहू द्या हो आजी, जुन्या गोष्टी. केवढं मोठं मन तुमचं!" एकीनं जयमालाला हळूच कोपरानं ढोसलं, "अहो, पाया पडा त्यांच्या."

जयमाला पाया पडली नाही. रडलीही नाही. तिनं पंगत वाढली, सगळ्यांना आग्रह केला, आणि बायका पांगल्यावर चपला घालून खाली उतरली. डांगे चौकाजवळच्या बसथांब्यावर जाऊन बसली. कुठे जायचं नव्हतंच.

शेजारी एक अनोळखी बाई तान्ह्या मुलीला मांडीवर थोपटत होती. पोरीनं जयमालाच्या पदराचं टोक पकडलं. बाई हसली. "सवय दिसतेय तुम्हाला. तुम्हाला किती?"

"दोन," जयमाला म्हणाली. मग म्हणाली, "एक आहे. पहिलं पोटातच गेलं."

"अगं बाई. मुलगा होता?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. गणराजनंही नाही.

"मुलगी," जयमाला म्हणाली. "नर्सनं सांगितलं होतं. केस होते म्हणे डोक्यावर."

बाईनं तिच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात तिची बस आली. पोरीच्या मुठीतून पदर सोडवून ती घाईनं चढली, आणि खिडकीतून तिनं मान हलवली. बस चिंचवडच्या दिशेनं वळली. मग जयमालानं तोंडावर पदर धरला, आणि त्या गर्दीत, कुणाचंही लक्ष नसताना, ती पोटभर रडली.