चार मिलिमीटर

मी सायकलपटू लांब्याची दुसरी सायकल बोलतेय. पहिलीला तुम्ही ओळखत असाल, तिचे फोटो बरेच छापून आले. माझा एकही आला नाही आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण माझं कामच मुळी वापरलं न जाण्याचं. शर्यतीत पहिली रस्त्यावर धावते आणि मी टीमच्या गाडीच्या टपावर उभी राहून वारा खाते. पहिलीचं काही बिघडलं तरच मला खाली काढतात. दोन वर्षांत चार वेळा काढलं.

मी या टीमच्या वर्कशॉपमध्ये एका लांबट खोक्यातून आले. नुसता सांगाडा होते. चाकं, चेन, गियर, हँडल सगळं मिस्त्रींनी जोडलं. मिस्त्री म्हणजे टीमचे मेकॅनिक. वय साठीला टेकलेलं, चष्मा कपाळावर आणि तोंडाचा पट्टा सुरू. बोटांच्या रेघांत ग्रीस असं मुरलेलं की आंघोळीनंतरही ते जात नाही. शेवटी त्यांनी सीट बसवली, पायडलच्या मधल्या बोल्टपासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजपट्टी लावली आणि नट आवळला. एक्क्याऐंशी सेंटिमीटर, चार मिलिमीटर.

हे लांब्याचं माप. वर्कशॉपच्या भिंतीवर प्रत्येक सायकलपटूच्या नावाखाली एक पांढरी चिकटपट्टी आहे, तिच्यावर त्याचं माप लिहिलेलं असतं. बाकीच्यांच्या पट्ट्या दरवर्षी बदलतात. कुणाचा गुडघा कुरकुरतो, कुणी नवे बूट घेतो, कुणाला उगाचच वाटतं की सीट जरा वर हवी. लांब्याची पट्टी मात्र नऊ वर्षांची, पिवळी पडलेली. वर्कशॉपमध्ये येईल त्याला मिस्त्री ती दाखवायचे. "नऊ वर्षांत हा माणूस एक मिलिमीटर हलला नाही. पहिल्याच दिवशी मी जे माप घेतलं, ते घेतलं. याच्या बायकोपेक्षा याचं शरीर मला जास्त कळतं."

लांब्या तिथे असला तर मान खाली घालून हसायचा.

तो काही मोठा जिंकणारा नव्हता, हे सांगून टाकते. नऊ वर्षांत एकच शर्यत जिंकला, तीही पुढचे दोघं वळणावर एकमेकांवर आदळले म्हणून, असं तो स्वतःच सांगायचा. त्याचं काम पाणी आणायचं. टीममधल्या बाकीच्यांना तहान लागली की हा मागे रेंगाळत आमच्या गाडीपाशी यायचा, खिडकीतून सात-आठ बाटल्या घेऊन शर्टात कोंबायचा आणि गर्भार बाईसारखा दिसत पुन्हा पुढे जायचा. येईल तेव्हा खिडकीशी एक विनोद सांगून जायचा. विनोद बहुतेक वेळा शिळाच असायचा, पण दीडशे किलोमीटर सायकल मारून धापा टाकत सांगितलेला शिळा विनोद मॅनेजरलासुद्धा हसवायचा. रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं जिंकणाऱ्यांची नावं ओरडायची, पण लांब्या दिसला की हसायची. इतर टीमचे लोकही त्याच्यावर जीव टाकायचे.

मला टपावरून काढलं त्या चारपैकी एक वेळ मला नीट आठवते. घाट सुरू होतो तिथेच पहिलीचं मागचं चाक पंक्चर झालं. गाडी थांबायच्या आत मिस्त्री उतरले, मला टपावरून ओढलं आणि पळत गेले. लांब्या बसला. मिस्त्री सीटला धरून त्याला ढकलत मागे पळताहेत आणि हा ओरडतोय, "काका, ही टपावर बसून बसून लठ्ठ झालीय हो!"

"तू पायडल मार! बडबड पुरे!"

त्या दिवशी तो एकोणिसावा आला. मला माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस वाटतो.

मग तो सोमवार. मोसम संपलेला, सगळे आपापल्या घरी. वर्कशॉपमध्ये मिस्त्री एकटेच होते. मला स्टँडवर अडकवून ते ब्रशने चेन धूत होते. सकाळचे दहा वाजले असतील. फोन वाजला. "बोला मॅनेजर," म्हणाले, मग "हं" म्हणाले, पुन्हा "हं" म्हणाले, मग "कधी?" असं विचारलं. फोन बाकावर ठेवला आणि परत चेन धुवायला घेतली. मला वाटलं, एखादा पार्ट यायला उशीर होणार असेल.

धुतलेली चेन ते तासभर धूत राहिले.

काय झालं ते मला नंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं. लांब्या घरच्या सायकलवर सरावाला गेला, दोन तास फिरून परत आला, पायरीवर बसून बूट काढायला लागला आणि बायकोला म्हणाला, "जरा पाणी आण." ती पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. वय एकतीस. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. दरवर्षी तपासलं जाणारं हृदय.

मला काहीच वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? टपावर वाट बघायची सवय असलेलीला कुणी यायचं थांबलंय हे लवकर कळत नाही. मला वाटत राहिलं, पुढच्या वळणावर येईल मागे, बाटल्या न्यायला. मिस्त्रींचंही तसंच काहीतरी झालं असावं. त्यांच्या तोंडाचा पट्टा बंद पडला, पण ते रडले नाहीत. वेळेवर यायचे, डबा उघडायचे, अर्धा खाऊन झाकण लावायचे. रोज सकाळी सगळ्या सायकलींच्या टायरमधली हवा बघायचे, त्यात माझीही. मला पुसून पुन्हा जागेवर लावायचे. एकदा तर माझी पाण्याची बाटली भरून ठेवली. मग बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले आणि पाणी ओतून दिलं.

पहिलीला शोकसभेत स्टेजवर ठेवलं, फुलं वाहिली. नंतर ती ऑफिसच्या भिंतीवर चढली. माझं काय करायचं यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. मॅनेजर येऊन दारातच उभे राहिले. चांगला माणूस, पण त्यांनाही धड बोलता येईना.

"मिस्त्री, नवीन गडी येतोय. त्याची सायकल वेळेत यायची नाही. ही... ही त्याच्या मापाची करून ठेवा."

"करतो."

"पुढच्या गुरुवारी येईल तो."

"करतो म्हटलं ना."

पण ते करत नव्हते. रोज मला स्टँडवर घ्यायचे, पाना सीटखालच्या नटाला लावायचे आणि काढून घ्यायचे. तो नट सैल केला की लांब्याची उंची जगातून जाणार, असं त्यांना वाटत असणार. पहिली भिंतीवर लावताना कुणीतरी सीट खाली दाबून टाकली होती. म्हणजे वर्कशॉपमध्ये त्याचं माप आता फक्त माझ्यात शिल्लक होतं. भिंतीवरची पट्टी म्हणजे नुसता आकडा, आकड्यावर बसता येत नाही.

गुरुवारी सकाळी लांब्याची बायको आली. सरावाची घरची सायकलही टीमचीच, ती परत द्यायची असते म्हणून गाडीत घालून घेऊन आली होती. केस ओलेच होते, घाईत बांधलेले.

"काका, ही कुठे ठेवू?"

"दे इकडे. पोरी, तू बस. चहा टाकतो."

"नको. टाका, बरं."

चहा उकळेपर्यंत हातांना काम हवं, म्हणून मिस्त्रींनी घरची सायकल माझ्या शेजारी उभी केली आणि सवयीने मोजपट्टी लावली. परत आलेल्या सायकलीची नोंद करतात. पट्टी लावली, चष्मा खाली ओढला, पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा.

"ही सीट आणताना दबली का गं गाडीत?"

"नाही. का?"

"एक्क्याऐंशी भरतेय. चार मिलिमीटर कमी."

ती म्हणाली, "ते त्यानेच केलं होतं. दीड वर्ष झालं. पाठ दुखायची त्याची. घरी सीट जरा खाली घ्यायचा, मग बरं वाटायचं."

"आणि शर्यतीत?"

"शर्यतीत तुमचंच माप. पाच-सहा तास तर सोसायचे, म्हणायचा. मी किती वेळा म्हटलं, अरे काकांना सांग. तर म्हणे, नको गं, ते नऊ वर्षं सगळ्यांना दाखवतात ती पट्टी. तेवढी एकच गोष्ट आहे त्यांच्याकडे मिरवायला."

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"माझ्या फुशारकीसाठी," मिस्त्री म्हणाले. "गाढव. दीड वर्ष पाठ दुखवून घेतली, आणि तोंडावर हसत होता माझ्या. एवढं शरीर कळतं म्हणणारा मी!" मग ते उपड्या क्रेटवर बसले आणि फोन आल्यापासून पहिल्यांदा रडले. चेहरा झाकायला त्यांनी जे फडकं घेतलं, ते माझी चेन पुसायचं होतं. गालभर काळं झालं. तिने ते आपल्या ओढणीने पुसलं आणि पुसताना तीही रडू लागली.

बऱ्याच वेळाने ते उठले. पाना घेतला. या वेळी हात थांबला नाही. माझा नट सैल केला, सीट चार मिलिमीटर खाली घेतली आणि आवळली. भिंतीवरची पिवळी पट्टी खरवडून काढली, नवी लावली, तिच्यावर एक्क्याऐंशी लिहिलं.

"आता बरोबर झालं," ते म्हणाले.

ती माझ्या सीटवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग गेली. त्याच्या खऱ्या मापाची मी जेमतेम तीन तास होते, आणि त्या मापाच्या माझ्यावर तो कधीच बसला नाही.

दुपारी नवा गडी आला. बुटका, मजबूत, बावरलेला. मिस्त्रींनी माझी सीट सात सेंटिमीटर खाली नेली आणि त्याला बसवलं. वजन वेगळं होतं. ते अंगावर आलं तेव्हा मला कळलं की लांब्या आता कुठल्याच वळणावर मागे येणार नाही. आणि मग वाईट वाटलं, फार वाटलं.

"कसं वाटतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"एकदम मस्त, काका. परफेक्ट."

मिस्त्रींनी मोजपट्टी बाकावर ठेवली आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. "परत विचारतो. कुठे दुखतंय का? माझं मन राखू नकोस."

तो घुटमळला. "डावा गुडघा. थोडासा. पण चालेल हो."

"चालणार नाही," मिस्त्री म्हणाले आणि पाना मागितला.

हल्ली मी त्याच्याखाली असते. माझं माप या महिन्यात तीनदा बदललं. तुम्हालाही कुणीतरी जपत असेल, तुमचं सगळं आपल्याला कळतं असं चारचौघांत सांगत असेल. तुम्हाला कुठे दुखतं ते त्याला सांगा. राग येईल त्याला, येऊ द्या.